ग्रंथकार आणि त्याचा ग्राहक
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीत लिहिणाऱ्यांची वाण नाही. कोणी कुलवृत्तान्त सिद्ध केला आहे, कोणी गावाचा इतिहास लिहिला आहे, एखाद्या भगिनीने रुग्णसेवेतील अनुभव शब्दबद्ध केले आहेत. परंतु पुढे काय होते? पदरचे द्रव्य खर्चून पाचशे प्रती छापावयाच्या, दीडदोनशे ‘सप्रेम भेट’ म्हणून वाटावयाच्या आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर टाकावयाचे! दर दिवाळीच्या साफसफाईत घरची मंडळी ते या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवितात. हे पाहिल्यावर ग्रंथकार दुसरा ग्रंथ लिहावयास धजत नाही. मला खरी चिंता वाटते ती याची.

प्रकाशनसमारंभ हा यावरील उपाय आहे असे पुष्कळांस वाटते. सभागृहाचे भाडे, शाली, श्रीफळे आणि अल्पोपाहार यांवर होणाऱ्या खर्चात कधी कधी आणखी शंभर प्रती छापून होतील. समारंभास येणारे लोक स्नेहापोटी येतात. त्यांतील ग्राहक किती, हे दाराशी मांडलेले टेबल सांगते.

ग्राहक शोधावा कसा, हे डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकरांनी दाखवून दिले आहे. (कॉर्नेल विद्यापीठातील त्यांचा प्रबंध जातिसंस्थेच्या इतिहासावर होता, याची ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून आठवण द्यावयास हरकत नाही.) महाराष्ट्रीय ज्ञानकोश छापून मग तो विकत घेणाऱ्यांची वाट पाहत ते बसले नाहीत. त्यांनी मर्यादित मंडळी स्थापून भाग विकले, ग्राहक आगाऊ नोंदविले आणि त्यासाठी गावोगाव हिंडले. १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड अशा रीतीने बाहेर पडले. विद्वान मनुष्याने पावतीपुस्तक घेऊन दारोदार जावे यात त्यांस कमीपणा वाटला नाही. आपणांस मात्र तो वाटतो!

पुढे १९७०च्या दशकात ‘ग्रंथाली’ने हाच मार्ग निराळ्या रीतीने चोखाळला. वाचकांना सभासद करून घ्यावयाचे, त्यांना सवलतीत ग्रंथ द्यावयाचे आणि प्रदर्शने घेऊन गावोगाव जावयाचे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली तिथूनच वाचकांच्या हाती आले.

आपल्यापैकी कोणी केतकर नव्हे, हे उघड आहे. पण पन्नास ग्राहक आगाऊ नोंदविणे कोणासही अशक्य नाही. छपाईपूर्वी एक प्रकरण दिवाळी अंकाकडे पाठवावे आणि शक्य तर सोबत ग्रंथाची किंमत व मिळण्याचा पत्ता छापून घ्यावा. मुख्य म्हणजे ग्रंथाचा विषय जिथला असेल तिथे जावे. गावाच्या इतिहासाचे खरे गिऱ्हाईक त्या गावच्या जत्रेत भेटेल, कारण त्या दिवशी मुंबई-पुण्यास गेलेला चाकरमानी गावी आलेला असतो. रुग्णसेवेवरील पुस्तक परिचारिकांच्या विद्यालयात न्यावे. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर राज्यात शासनमान्य ग्रंथालये हजारोंनी झाली आहेत. तेथील ग्रंथपालास एक प्रत प्रत्यक्ष दाखवावी, आणि वाचकांपुढे अर्धा तास बोलण्याची तयारीही दर्शवावी. जिल्ह्याजिल्ह्यांतून भरणाऱ्या ग्रंथोत्सवात आपला एकच ग्रंथ घेऊन गाळा घेणे परवडत नाही. चौघांनी मिळून घेतला तर परवडतो.

आता थोडे आपल्याविषयी बोलतो. रोष होईल, तो पत्करतो. ओळखीचा लेखक भेटला की आपण प्रथम विचारतो, “मला प्रत नाही दिलीत?” सोयरा सोनार असला म्हणून त्याच्याकडे आपण अंगठी फुकट मागत नाही. मग ग्रंथच तेवढा का मागावा? परीक्षणासाठी दहा-बारा प्रती देणे योग्यच आहे. त्यापलीकडे दिलेली प्रत बहुधा न वाचताच कपाटात जाते.

यास्तव कार्यकारिणीस माझी विनंती अशी. पुढील मेळाव्यात भोजनगृहाच्या वाटेवर ज्ञातीतील ग्रंथकारांसाठी एक विक्रीचे टेबल असावे. गुणवंत विद्यार्थ्यांस पेले व ढाली देण्याऐवजी पूर्ण किमतीस घेतलेले हे ग्रंथ द्यावेत. स्मरणिकेत जाहिरातींच्या मागे एक पान राखून त्यावर ग्रंथाचे नाव, किंमत आणि पत्ता विनामूल्य छापावा. टेबलावरील हिशेब युवक शाखेने सांभाळावा आणि ज्याची जेवढी विक्री झाली असेल तेवढी रक्कम त्याच सायंकाळी त्याच्या हाती द्यावी. वर्गणी किंवा देणगी म्हणून त्यातून काहीही कापून घेऊ नये.