जीवदयेला अपरिग्रहाची जोड
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



आपले जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. त्यामुळे तूर-कपाशीच्या शेतात एखादे पाडस आढळणे आपणांस नवे नाही.

बालपणी आमच्या शेतात असेच हरणाचे पाडस सापडले. अनाथ समजून आम्ही ते घरी आणले. आईने मायेने गाईचे दूध पाजले. त्याला हगवण लागली आणि चौथ्या दिवशी त्याने प्राण सोडला. पुढे कळले की, हरिणी नवजात पाडसाला गवतात लपवून चरावयास जाते आणि पाजण्यासाठी परत येते. ते पाडस बहुधा अनाथ नव्हतेच! आम्ही जिला दया समजलो, ते शास्त्राच्या भाषेत अदत्तादान होते.

जुन्नर परिसरात ऊसतोडणीच्या वेळी बिबट्याची पिल्ले सापडतात. वनविभाग व वाइल्डलाइफ एसओएस संस्थेचे पशुवैद्य त्यांना तपासून सायंकाळी त्याच ठिकाणी ठेवतात. पुष्कळदा मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. तात्पुरत्या संगोपनाचा खरा अर्थ हाच, की पिल्लू शक्य तितक्या लवकर आईकडे वा रानाकडे परत जावे.

काही पिल्ले मात्र खरोखरच पोरकी होतात. 1973 साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे शिकारीत मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी जवळ केले आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. परंतु माणसाच्या हातावर वाढलेला जीव सहसा रानात परतू शकत नाही, म्हणून हा मार्ग अखेरचाच समजावा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये वन्यप्राणी घरी पाळणे हा गुन्हा आहे. असा प्राणी हाती आल्यास 48 तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे.

तेव्हा पिल्लू दिसताच प्रथम दूर उभे राहावे, गर्दी व कुत्री हटवावीत आणि आईची वाट पाहावी. आई मृत असेल वा पिल्लू जखमी असेल, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. मदत येईपर्यंत त्यास हवेशीर खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात व शांततेत ठेवावे. विचारल्यावाचून दूध पाजू नये. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर अशा जीवांसाठी तात्पुरते उपचार केंद्रही आहे.

भगवान नेमिनाथांनी विवाहासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला आणि त्यांना बंधमुक्त केले. आपल्या महाली नेले नाही. करुणेबरोबर ‘हे माझे’ ही भावनाही सुटावी, हाच त्यातील बोध आहे. आपल्या पुढील पन्नास वर्षांच्या जीवदयेला हा विवेक लाभो.

माझ्याकडून काही अधिक-उणे बोलले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्. जय जिनेंद्र!