तारेखालची फवारणी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



पिकावर विमानाने औषध मारणं देशाला नवं नाही. त्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेलं 'बसंत' विमान 1972 साली उडालं. पण ते आपल्या चार एकरांसाठी नव्हतं. आता ड्रोन आला. तो आम्हाला हवाच आहे. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसेक माणसं गेली, हे आम्ही विसरलेलो नाही.

पण विमानाचा वैरी तोच ड्रोनचा वैरी : विजेची तार.

साधा हिशेब करू. 1956 च्या वीज नियमांनी शेतावरच्या 11 केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेला किमान 4.6 मीटर, म्हणजे पंधरा फूट उंची ठरवली होती. औसा-अहमदपूरची उभी ज्वारी आठ फूट. तिच्यावर ड्रोन सहा-सात फूट. बेरीज किती झाली? पंधरा! कंधार-मुखेडचा कापूस बुटका, तिथे ड्रोन तारेखालून जाईल; पण बॅटरी उतरली की तो आपोआप वर चढून माघारी फिरतो, तेव्हा?

आणि पंधरा फूट तरी कुठे आहेत? आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. खांब कलतात, तारेला झोळ पडतो. बांधावर उभ्या माणसाला बारीक तार किती लांब आहे ते कळत नाही.

म्हणून आपण एवढं करू. फवारणीआधी शेत पायी फिरू. तारेच्या रेषेखाली झेंड्या रोवू, तेवढा पट्टा हातपंपाने मारू. ड्रोन तारेत अडकला तर बांबूने ओढायचा नाही, पडलेल्या तारेजवळ जायचं नाही. ओल्या रानात तर मुळीच नाही. 1912 ला फोन करून लाईन बंद करून घ्यायची.

बचत गटाच्या ड्रोनला 'नमो ड्रोन दीदी' योजनेत आठ लाखांपर्यंत अनुदान ठरलं. पण तिसऱ्या पक्षाचा विमा दुसऱ्याचं नुकसान भरतो, आपला ड्रोन नाही. तो विमा वेगळा उतरवलाय का, हे आधी विचारा.

शेवटचं. गावोगाव कललेल्या खांबांची यादी करा, गट नंबर घाला, वीज कार्यालयात द्या आणि पोच घ्या. बिल भरायला उशीर झाला की वीज तोडायला माणूस येतो. मग झोळ पडलेली तार ताणायलाही त्याने यायलाच पाहिजे. ही भीक नाही, आपला हक्क आहे.