रेणूचे ज्ञान आणि रुग्णाची ऐपत

(चाकूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



प्रयोगशाळेतील विज्ञान हा आपल्या कार्याबाहेरचा विषय आहे, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. रक्ताच्या कर्करोगावरील एका औषधाचा इतिहास ही समजूत खोटी ठरवतो.

या कर्करोगाच्या एका प्रकारात रुग्णाच्या पेशींतील एक गुणसूत्र आखूड असते, हे १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे दोन संशोधकांना आढळले. त्याचे कारण १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवले. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. तीतून निर्माण होणारे विकृत प्रथिन पांढऱ्या पेशींना अखंड वाढत राहण्याचा हुकूम देते, हे पुढे उलगडले. त्या प्रथिनाच्या खाचेत नेमका बसून हा हुकूम थांबवणारा रेणू म्हणजे इमॅटिनिब. २००१ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली आणि एके काळी जीवघेणा असलेला हा रोग रोजच्या गोळीने आटोक्यात येऊ लागला.

परंतु कोणाचा? नोव्हार्टिस कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कारखान्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार. ही तफावत रसायनशास्त्राने नव्हे, कायद्याने घडवली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाकारली होती. २००५ साली ती परत आली, तेव्हा डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे एक अट कायद्यात राहिली : जुन्या औषधाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्यावाचून पेटंट नाही. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने याच आधारे हरकत घेतली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला.

लढा संपलेला नाही. पवईची आयआयटी व परळचे टाटा रुग्णालय या सार्वजनिक संस्थांतील संशोधनातून, रुग्णाच्याच प्रतिकारक पेशींत जनुक घालून रक्तकर्करोगावर उपचार करण्याची देशी पद्धती सिद्ध झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. परदेशाच्या मानाने ती पुष्कळ स्वस्त आहे. तरीही खर्च लाखांच्या घरात जातो. शेतमजुराने तो कोठून आणावा?

ज्या ज्ञानाचा खर्च जनतेने उचलला, त्याच्या फळावर जनतेचा हक्क आहे. रेणू शोधणे हे शास्त्रज्ञांचे काम. तो चाकूरच्या रुग्णापर्यंत पोहोचवणे हे राजकारणाचे, म्हणजेच आपले काम आहे.