हसावे कोणाला?

(कर्जत तालुक्यातील एका गावी यात्रेच्या दिवशी एका शिक्षकांनी दिलेले व्याख्यान)



आज रात्री येथे करमणुकीचा कार्यक्रम व्हावयाचा आहे. तत्पूर्वी शाहीर कृष्णराव साबळे यांजविषयी चार शब्द बोलावे, अशी पंचमंडळींची आज्ञा झाली.

शाहिरांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी वाई तालुक्यातील पसरणी गावी झाला. घरात वारकरी भजन. लहानपणीच बासरी हाती आली. शाळा सातवीपर्यंतच. अमळनेरास आजोळी असता साने गुरुजींचा सहवास घडला आणि त्यांचा गळा देशकार्यास लागला. राजा बढे यांचे जे महाराष्ट्रगीत २०२३ साली राज्यगीत झाले, ते घरोघर पोचले ते शाहिरांच्याच आवाजाने. १९९८ साली पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी ते निवर्तले.

पण हा गाणारा माणूस हसविणाराही होता. तमाशाची बतावणी, वगातले सवालजबाब आणि ढोलकीचा ठेका घेऊन त्यांनी मुक्तनाट्य उभे केले. बोलता बोलता गाणे फुटावे आणि गाण्यातून पुन्हा थट्टा निघावी, अशी त्याची धाटणी. 'यमराज्यात एक रात्र' १९६० सालचे, 'आंधळं दळतंय' १९६६ सालचे. दळणारा आंधळा आणि पीठ खाणारे कुत्रे ही म्हण आपल्या जात्यावरचीच. मुंबईत राबणाऱ्या मराठी माणसाची दैना त्यांनी त्या म्हणीत बसविली. लोक आधी हसले, मग आपलेच पीठ कोण खातो हे शोधू लागले.

ही रीत आपल्या घरचीच आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिले, त्यात भोळ्या कुणब्याला लुबाडणाऱ्या जोशाचे सोंग विदूषकच उघडे पाडतो. पुढे सत्यशोधक जलशांनी तेच काम गावोगाव केले. त्या हसण्याचा रोख लुबाडणाऱ्यावर असे, लुबाडल्या गेलेल्यावर नसे.

आता माझी चूक सांगतो. मागल्या स्नेहसंमेलनात मी एक नाटुकले बसविले. त्यात कातकरी बोलीची नक्कल होती. मंडळी पोट धरून हसली. पुढे बसलेली कातकऱ्यांची दोन पोरे मात्र मान खाली घालून होती. आठ दिवस ती शाळेत आली नाहीत. मी वाडीवर जाऊन त्यांच्या आईबापांची क्षमा मागितली. आम्ही कुणबी-कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची थट्टा सोसली, आणि संधी मिळताच मी आमच्याहून गरिबाची थट्टा केली!

म्हणून विनंती इतकीच. आज पोटभर हसा. हसणे हे पाप नव्हे. पण सोंगाड्या तोंड उघडील तेव्हा पाहा, त्याचा बाण कोणाला लागतो आहे. सावकाराला, लाचखाऊला, भोंदूला लागला तर टाळी द्या. गरिबाच्या लेकराला लागला तर टाळी आवरा.