वाळलेल्या रोपांची मोजणी



अध्यक्ष या नात्याने मी तडक त्या प्रश्नाकडे वळतो, ज्याने माझ्या नोकरीची सारी वर्षे व्यापली : पाण्यावाचून होरपळलेले रोप पुन्हा ओल मिळाल्यावर कितपत सावरते?

अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर मेघ अखंड कोसळत असताना पर्जन्यछायेतील कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत मृगाची सर पडून गेली की पुढे कित्येक आठवडे आभाळ कोरडे राहते, आणि आषाढात मुरमाड गायरानावर लावलेल्या कडुनिंबाच्या रोपाला परतीच्या पावसापर्यंत स्वतःच्या मुळांच्या भरवशावरच दिवस कंठावे लागतात. माती सुकू लागताच त्या रोपात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य वाढते व पानांवरील पर्णरंध्रे मिटतात. बाष्प वाचते खरे, परंतु त्याच द्वाराने येणारा कर्बवायूही अडतो आणि अन्ननिर्मिती मंदावते. ताण आणखी वाढला, तर जलवाहिन्यांतून वर खेचला जाणारा पाण्याचा धागा तुटून तेथे हवा शिरते. अशा वेळी रोप पाने गाळते, तो त्याचा मृत्यू नव्हे. खर्च आवरण्याचा तो अखेरचा उपाय होय.

पाणी मिळाल्यावरची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मलूल पाने एक-दोन दिवसांत ताठ होतात व पाहणाऱ्याला रोप सावरले असे वाटते. पण पर्णरंध्रे पूर्ववत् उघडण्यास त्याहून अधिक अवधी लागतो, आणि ज्या नलिकांत हवा भरली त्यांपैकी पुष्कळशा कायमच्या निकामी होऊन नवे काष्ठ घडेपर्यंत रोपाला उरलेल्यांवरच भागवावे लागते. म्हणून टवटवी फसवी असते, तशीच निष्पर्णताही फसवी असते.

हे मी पुस्तकात वाचण्यापूर्वी एका चुकीतून शिकलो. उमेदवारीच्या काळात एका माळावरील रोपांची मोजणी मजकडे होती. भाद्रपदात जी काटक्यांसारखी दिसली ती सारी मी ‘मर’ या रकान्यात घातली, साल नखाने खरवडून पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत, आणि माझ्या त्या नोंदीवर नांग्या भरण्याचा खर्च मंजूर झाला. परतीच्या पावसानंतर नवी रोपे घेऊन माणसे गेली, तेव्हा त्या काटक्यांपैकी कित्येकींच्या बुडाशी तांबूस कोंब फुटलेले होते. ते कोंब बाजूला सारून खड्डे घेतले गेले, याची खंत मला आजही आहे. वस्तुतः सागाचे शेंडे उन्हाळ्यात वाळावेत व जाडावलेल्या मुळातून पुन्हा अंकुर यावा, हे वनखात्याला परंपरेने ठाऊक आहे. सागजडी, म्हणजे शेंडा छाटलेले सागाचे मूळ, लावण्याची आपली रीतच त्या गुणावर उभी आहे.

परंतु कोंब फुटून भागत नाही, तो टिकला पाहिजे. आणि येथे हिवरे बाजारचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. 1989 साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर त्या गावाने डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले, तसेच कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. चराने पावसाचे पाणी अडून मुळांजवळची ओल चार दिवस अधिक टिकते, तर चराईबंदीमुळे बुडाचा कोवळा कोंब शेळीच्या तोंडून वाचतो. पहिल्या उपायाची वाहवा पुष्कळ होते. रोपाच्या दृष्टीने दुसराही तितकाच निर्णायक आहे, कारण साठवलेले अन्न खर्चून काढलेला कोंब एकदा खुडला गेला, की दुसऱ्यासाठी मुळाशी फारसे शिल्लक राहत नाही.

रोपवाटिकेतील मंडळींना माझी विनंती आहे, की लागवडीपूर्वी काही आठवडे सावली काढून व पाणी क्रमाक्रमाने कमी करून रोपे काटक करावीत, आणि पिशवीच्या तळाशी गुंडाळलेल्या मुळांचे रोप, कितीही हिरवे असले तरी, माळावर धाडू नये. तपासणीच्या नमुन्यात मात्र एक बदल व्हावा, असा ठराव मी या सभेपुढे ठेवीत आहे : परतीचा पाऊस होऊन पंधरा दिवस लोटेपर्यंत आणि बुडाची साल खरवडून पाहिल्यावाचून कोणत्याही रोपाची नोंद ‘मर’ या रकान्यात केली जाऊ नये.