उडता येईनासे होते तेव्हा

(गणेशोत्सवातील बालचित्रपटाच्या कार्यक्रमानंतर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आत्ताच आपण सर्वांनी 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' हा जपानी अॅनिमेशनपट पाहिला. कार्टून म्हणजे मुलांचे, असे समजून मागे गप्पा मारत बसलेले पालकही हळूहळू गप्प झाले. म्हणून हे चार शब्द मुख्यतः पालकांसाठी.

एइको कादोनो यांची ही बालकादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. कादोनोबाई स्वतः तरुणपणी दोन वर्षे ब्राझीलमध्ये राहिल्या होत्या, तेव्हा परमुलूख त्यांना ठाऊक होता. हायाओ मियाझाकी यांनी स्टुडिओ जिबलीतर्फे कादंबरीवर १९८९ मध्ये चित्रपट केला. २०१८ मध्ये कादोनोबाईंना बालसाहित्यातला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला.

किकी ही तेरा वर्षांची चेटकीण. आपल्या गोष्टींतली उलट्या पायांची नव्हे, चांगली साधीसुधी मुलगी! तेरावे वर्ष लागले की घर सोडून, जिथे दुसरी चेटकीण नाही अशा गावी वर्षभर राहायचे, हा त्यांचा रिवाज. निघताना आई स्वतःचा जुना, भरवशाचा झाडू देते. वडील लहानपणीसारखे उचलून घेतात. अडवत कोणीच नाही.

नव्या शहरात स्वागत कसे होते? पोलीस हटकतो, हॉटेलवाला पालक कुठे आहेत म्हणून विचारतो. एका बेकरीवालीने माळ्यावरची पिठाने माखलेली खोली दिली, म्हणून निभावले. येत होते ते एकच, उडणे. त्याचाच किकीने धंदा केला आणि सामान घरपोच करू लागली. मंडळी, पहिली नोकरी, पहिली भाड्याची खोली आठवली ना?

आता खरा मुद्दा. एक आजी नातीच्या वाढदिवसासाठी हेरिंग मासा आणि भोपळा घालून एक पदार्थ करतात. विजेची भट्टी बिघडते, तेव्हा किकी लाकडाची भट्टी पेटवून मदत करते आणि भर पावसात डबा पोचवते. नात तोंड वाकडे करून म्हणते की हे मला मुळीच आवडत नाही. किकी भिजून आजारी पडते. पुढे काही दिवसांनी तिला उडताच येईनासे होते. जिजी या तिच्या मांजराचे बोलणेही कळेनासे होते.

आपल्या घरी असे झाले तर आपण काय करतो? दहावीपर्यंत पहिला येणारा मुलगा बाहेरगावी शिकायला जातो आणि पहिल्याच परीक्षेत मागे पडतो. लगेच फोन सुरू. "अभ्यास करत नाहीस का? लक्ष कुठे असते?" किकीला भेटते जंगलात राहणारी चित्रकार मैत्रीण उर्सुला. ती सांगते, चित्र जमेनासे झाले की मी आधी काढतच राहते. तरीही नाही जमले तर सोडून देते, फिरते, झोपते. मग एके दिवशी पुन्हा काढावेसे वाटते. ती किकीला आपल्या घरी राहायला नेते. उपदेशापेक्षा ते घरी नेणे मोठे!

शेवटी मित्र तोंबो हवाई जहाजाच्या दोरीला लटकतो, तेव्हा किकी रस्ता झाडणाऱ्याचा ब्रश मागून घेऊन उडते. वेडीवाकडी, धडपडत, पण उडते. मात्र मूळ जपानी चित्रपटात जिजी पुन्हा बोलत नाही, नुसते म्याव करते. १९९८ च्या इंग्रजी आवृत्तीत त्याच्या तोंडी शेवटी वाक्य घातले होते. मला मूळचेच पटते. मोठे होताना हरवलेले सगळेच परत मिळत नाही. घरी सुट्टीला आलेले मूलही गेले होते तसेच येत नाही, ते आपणच नव्याने ओळखून घ्यायचे असते.

किकी शेवटी घरी पत्र लिहिते की कधी कधी मन उदास होते, तरी हे गाव मला आवडते. असे पत्र मोकळेपणी लिहिता येईल एवढी जागा आपण मुलांना ठेवूया. आणि या गावात एकटी राहणारी मराठी मुले-मुली आहेत, त्यांच्यासाठी बेकरीवाली आणि उर्सुला आपणच व्हायचे आहे. आरतीला येणाऱ्या अशा एकाला तरी यंदा घरी जेवायला बोलवा.

गणपती बाप्पा मोरया!