रुळांच्या अल्याड-पल्याड



मुंबईत कोणाचा पत्ता विचारला की गावाच्या नावापाठोपाठ 'पूर्व' किंवा 'पश्चिम' हा शब्द येतो. वस्तुतः या दिशा सूर्यावरून ठरलेल्या नाहीत. त्या रुळांवरून ठरल्या आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतच्या ३४ किलोमीटर मार्गावर पहिली आगगाडी धावली, तेव्हा मुंबई म्हणजे मुख्यत्वे कोट आणि त्याच्या लगतची वस्ती. परळ, दादर हा भाग तेव्हा वाड्यांचा आणि शेतांचा. रुळांनी कोणाची ताटातूट केली नाही. ताटातूट व्हावी असे तेथे फारसे काही नव्हतेच. पुढे गिरण्या उभ्या राहिल्या, चाळी उठल्या, लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना लोकवस्ती दाटली. ज्या लोहमार्गाने मुंबईला तिच्या उपनगरांशी जोडले, त्यानेच तिला मधोमध उभे चिरले. घर एका अंगाला, शाळा दुसऱ्या अंगाला. बाजार अल्याड, रुग्णालय पल्याड, अशी असंख्य कुटुंबांची स्थिती आहे.

या विभाजनाची झळ सर्वांत अधिक कोणाला लागते? मोटारीतून जाणारा माणूस पुलासाठी दोन किलोमीटरचा वळसा घेतो आणि थोडासा त्रासतो. पायी चालणाऱ्याला तोच वळसा अर्ध्या तासाचा पडतो. मग तो कुंपणातील फट शोधतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात आणि त्यांत रूळ ओलांडणाऱ्यांचा वाटा फार मोठा असतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये असे ओलांडणे हा गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कायदा ठाऊक असूनही माणसे ओलांडतातच. वडाळा येथे २००९-१० च्या सुमारास एक प्रयोग झाला. येणाऱ्या गाडीच्या वेगाचा डोळ्यांना अंदाज यावा म्हणून काही स्लीपर पिवळ्या रंगाने रंगविण्यात आले आणि गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भयभीत चेहऱ्याचे फलक लावण्यात आले. तेथील अपघातांत लक्षणीय घट झाली. तथापि, रंगाने माणूस सावध होतो. त्याचा रस्ता काही जवळ येत नाही.

रस्ता लांब का पडतो, याचे गणित साधे आहे. विजेच्या तारांखालून गाडी जायची, तर पुलाचा तळ रुळांपासून सुमारे साडेसहा मीटर उंच हवा. त्यावर पुलाची जाडी धरली की चढण सात मीटरच्या घरात जाते. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली, तर पंचेचाळिसाहून अधिक पायऱ्या चढावयाच्या आणि तितक्याच उतरावयाच्या. एवढे श्रम कशासाठी, तर वीस-पंचवीस मीटर रुंदीचे रूळ ओलांडण्यासाठी! डोक्यावर पाटी असलेल्या कोळणीला, गुडघे धरलेल्या वृद्धाला किंवा कडेवर मूल घेतलेल्या मातेला हा हिशेब कोणी समजावून सांगावा लागत नाही.

सॅंडहर्स्ट रोड स्थानकाजवळच्या हॅंकॉक पुलाची हकिगत या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगी आहे. हा ब्रिटिश अमदानीतला पूल माझगाव आणि डोंगरी या दोन जुन्या वस्त्यांना जोडणारा. मुंबईच्या उपनगरी गाड्या १९२५ पासून १,५०० व्होल्टच्या एकदिश विद्युत प्रवाहावर धावत होत्या; पुढे त्या २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर आणण्याचे ठरले. त्यासाठी तारा उंच हव्यात आणि पुलाची कमान तर बुटकी. शिवाय पूल जीर्णही झालेला. जानेवारी २०१६ मध्ये गाड्या थांबवून तो पाडण्यात आला. निर्णय अभियांत्रिकीच्या दृष्टीने योग्यच होता. मात्र, पूल पाडण्याच्या रात्री किती तास गाड्या बंद राहतील याचा जितका काटेकोर विचार झाला, तितका दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाणारी मुले कोठून जातील याचा झाला नाही. मुले गेली ती रुळांवरूनच. त्यांच्या पाठोपाठ रहिवासी, दुकानदार, कामगार हेही तेथूनच ओलांडू लागले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि तात्पुरत्या पादचारी पुलाचा प्रश्न तेथे उपस्थित झाला. नवा पूल वाहतुकीस खुला झाला तो ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे सुमारे साडेसहा वर्षांनी. पहिलीत शिरलेले मूल एवढ्या काळात सातवीत जाते.

प्रशासनाची बाजूही येथे ध्यानात घ्यावयास हवी. रुळांवरील भाग रेल्वेचा आणि दोन्ही बाजूंचे चढ महानगरपालिकेचे. पायथ्याशी कोणाची घरे, कोणाची गोदामे. एका पुलावर अनेक धनी. राज्य शासन आणि रेल्वे यांच्या भागीदारीत मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९ मध्ये स्थापन झाले ते याच जाणिवेतून, आणि रूळ ओलांडण्यास आळा घालण्याची कामे त्याच्या कार्यक्रमात पुढे समाविष्ट झाली. परंतु सांधा जुळविणे हे अवघड काम आहे. अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाचा पदपथ ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला. पुढे पूल नव्याने बांधला गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा सुमारे दोन मीटर उंच असल्याचे दिसून आले. या विसंगतीची वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली. पायी चालणाऱ्यांना मात्र त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते; अर्ध्यावर तुटणारे पदपथ त्यांच्या रोजच्याच परिचयाचे.

सायकलस्वाराची अडचण याहून निराळी आहे. मुंबईत सायकल हे प्रामुख्याने कष्टकऱ्याचे वाहन: पाववाला, दूधवाला आणि अर्थातच डबेवाला. डबेवाल्याची जगप्रसिद्ध व्यवस्था बारकाईने पाहिली, तर तिने रुळांची अडचण किती शहाणपणाने वळसा घालून टाळली आहे हे कळते. घरोघरचे डबे सायकलवरून स्थानकापर्यंत येतात, तेथे त्यांची वाटणी होते, डोक्यावरच्या लाकडी खोक्यांतून ते जिने चढतात, गाडीत बसतात आणि पलीकडे दुसऱ्याच सायकलीवर किंवा हातगाडीवर चढतात. डबा रूळ ओलांडतो. सायकल ओलांडत नाही. ज्याच्याजवळ असा साथीदारांचा ताफा नाही, त्या एकट्या सायकलस्वाराने सायकल खांद्यावर घ्यावी किंवा मोटारींच्या पुलावर ट्रकच्या कडेने जीव मुठीत धरून जावे. वांद्रे-कुर्ला संकुलात मध्यंतरी सायकलमार्ग आखण्यात आले. परंतु ते संकुलातच फिरत राहिले. दोन्ही अंगांच्या स्थानकांशी त्यांचा अखंड सांधा जुळला नाही आणि यथावकाश त्यांवर मोटारी उभ्या राहू लागल्या.

सायकलीसाठी जिन्याऐवजी उतार करावा, तर वीस मीटरला एक मीटर अशा सुखाच्या चढणीने सात मीटर उंचीसाठी प्रत्येक बाजूस १४० मीटर जागा हवी. दादरच्या फूलबाजारापाशी एवढी जागा आणावयाची कोठून? भुयारी मार्ग हा दुसरा पर्याय. माणसाच्या डोक्यावर अडीच मीटर मोकळीक पुरते, म्हणून चढ-उतार निम्म्याने कमी होतो आणि उतरताना मिळालेला वेग सायकलस्वाराला चढताना उपयोगी पडतो. पण मुंबईचा पाऊस! अंधेरीचा आणि सांताक्रूझचा मिलन भुयारी मार्ग पावसाळ्यात कितीदा पाण्याखाली गेले, याची गणती करणे कठीण. तेव्हा जागा नाही आणि पाणी हटत नाही, तेथे निदान जिन्याच्या कडेने सायकलचे चाक बसेल एवढी पन्हळ करता येते. सायकल खांद्यावर न घेता त्या पन्हळीतून ढकलत नेता येते. हॉलंड आणि जपान या देशांत ही सोय सर्रास आढळते. तिचा खर्च पुलाच्या खर्चात दिसणारही नाही.

वांद्रे पूर्वेला २००८ मध्ये स्थानकापासून कलानगरपर्यंत पहिला आकाशमार्ग उभारण्यात आला. तदनंतर असे अनेक मार्ग झाले. काहींवर गर्दी झाली, काही ओस पडले. जेथे अंतर वाचले तेथे माणसे चढली, जेथे वाढले तेथे खालूनच चालत राहिली. पादचारी आळशी नसतो, हिशेबी असतो.

गर्दीचा अंदाज चुकला की काय घडते, ते २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकावर दिसले. अरुंद जिना, अवचित आलेला पाऊस, आडोशाला थांबलेली माणसे आणि मागून येणारा लोंढा. त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. तो परिसर एके काळी गिरण्यांचा होता. गिरण्या जाऊन कचेऱ्या आल्या, माणसांची वर्दळ अनेक पटींनी वाढली, जिना तेवढाच राहिला. त्यानंतर सैन्यदलाच्या अभियंत्यांना पाचारण करण्यात आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, तेथे नवा पादचारी पूल खुला झाला. हॅंकॉक पुलाची साडेसहा वर्षे आणि हे पाच महिने, दोन्ही याच शहरातले. एक मोटारींचा पूल आणि दुसरा केवळ माणसांचा, त्यामुळे ही तुलना सर्वस्वी न्याय्य नाही. परंतु माणसांपुरता पूल लवकर होऊ शकतो, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

आता त्याच ठिकाणचा जुना वाहतूक पूल नव्या दुमजली पुलासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद करण्यात आला. त्यापूर्वी, ऑगस्ट २०२४ मध्ये, शीव येथील १९१२ चा पूल वाहनांना बंद झाला होता. परळच्या बाजूस केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये आहेत. प्रभादेवीकडून तेथे पायी निघालेल्या रुग्णाला आणि त्याचा डबा घेऊन निघालेल्या नातेवाइकाला, पूल बंद झाल्यापासून रेल्वेच्या पादचारी पुलांचाच आधार उरला.